सत्तावीसचा फरक

वर्षभर लॉन्ड्रीवाल्या काकूंनी कॉलेजचे अकाउंट्सचे ऑनलाइन तास कॅमेरा बंद ठेवून, इस्त्री फिरवता फिरवता ऐकले होते. तोंडी परीक्षेला मात्र कॅमेरा लावावाच लागला. पडद्यावरचे परीक्षक वैतागले. “काकू, तुम्ही उठा, मुलीला बसवा.” “मुलगी कामावर गेलीय. विद्यार्थिनी मीच.” “इथं यादीत तर वय पंचवीस दिसतंय! दुसऱ्याच्या जागी बसलात, तर सरळ नापास.” काकूंनी चष्मा सावरला. “माझं वय बावन्न. त्यातून पंचवीस गेले, उरले सत्तावीस. त्याला नऊनं पूर्ण भाग जातो. म्हणजे आकड्यांची अदलाबदल झालीय. लेकीनं नाव नोंदवताना घाईत उलटे टाकले.” परीक्षकांनी हातातला प्रश्नांचा कागद खाली ठेवला. “माझा पहिला प्रश्न हाच होता. ताळा जुळेना आणि फरकाला नऊनं भाग गेला, तर चूक कुठली?” “मग दुसरा विचारा, सर,” काकू म्हणाल्या, “इस्त्री केव्हाची तापलीय.”