उजवी पाकळी

"मोरू, आज उजवी पाड," आक्का म्हणाली.

मोरू पुजारी समईत तेल ओतत होता. त्याचा हात थांबला. "उजवी?"

"उजवीच. पुरं झालं आता."

"बघतो," मोरू म्हणाला आणि पुन्हा तेल ओतायला लागला.

देवीच्या कौलाशिवाय आक्काच्या घरात बोअरवेलसुद्धा खणत नसत. गावदेवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जिला पाणी कमी ती आधी सुटते, हे मोरूला ठाऊक होतं आणि आक्कालाही. तिने दोनदा डावी पाडून घेतली होती. देवीची माफीही दोनदा मागितली होती.

कौल होता विमानाचा. वळ गावची जमीन गोदामांना गेली तेव्हा बाकीच्यांनी बंगले बांधले. तिच्या नवऱ्याने, बाळारामने, दोन माणसांचं विमान घेतलं. रीतसर शिकला, उरलेल्या शेतात माती दाबून धावपट्टी केली आणि काही वर्षं सुखाने उडला. मग एकदा इंजिन हवेत बंद पडलं. त्याने विमान कसंबसं खाडीकाठच्या चिखलात उतरवलं, चालत घरी आला आणि म्हणाला, "काय न्हाय झालं. जेवाय वाढ." वाढलं तर नुसता भात कालवत बसला.

इंजिन दुरुस्त झालं, कौल लावला, डावी पडली. पडून पडून इंजिन आतून गंजलं. पुन्हा पुण्याला नेलं, पुन्हा आणलं, पुन्हा डावी. गावातली माणसं विचारायची, "दादा, विमानात कोंबड्या पाळल्या काय?" बाळाराम हसायचा आणि फडकं घेऊन पंख पुसायला लागायचा. नवरा जिवंत राहावा म्हणून आक्काने हे सगळं केलं होतं. हाती आलं ते हे फडकं. आता तिला ते बघवत नव्हतं.

ती धावपट्टीवर आली तेव्हा पुण्याचा देवेश मेकॅनिक तिसऱ्यांदा बांधलेल्या इंजिनाचं झाकण लावत होता. बाळाराम आंघोळ करून तयार. विमानाच्या नाकावर शेंदराचा ताजा टिळा. हौस बघा, आक्काला वाटलं, झोपलासुद्धा नसेल.

"आक्का, तुम्ही तरी सांगा यांना," देवेश म्हणाला. "नवे सिलिंडर जमिनीवर फुरफुरवत ठेवले की वाया जातात. आज वर नेऊन जोरात चालवायलाच पाहिजेत. आणि शेजारी मी बसतोय. ज्याने इंजिन बांधलं, पहिल्या खेपेला त्यानेच बसायचं."

"मी कवाचा तयार हाय रे," बाळाराम म्हणाला. "देवी हो म्हणू दे."

"म्हणेल आज," आक्का म्हणाली.

बाळारामने चटकन तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून फडकं काढलं आणि पुसलेलाच पंख पुसला.

देवळात तिघं उभी राहिली. मोरूने पाकळ्या लावल्या. आक्काकडे त्याने एकदाही बघितलं नाही. बाळारामने हात जोडले, डोळे मिटले. "आई, जाऊ का आज?"

आक्काने मनातल्या मनात त्याला निरोप देऊन टाकला. नजर तिने उजव्या पाकळीवरून हलू दिली नाही.

डावी पडली.

देवेश बाहेर निघून गेला. बाळारामने डोळे उघडले, पाकळीकडे पाहिलं, लांब श्वास सोडला. "तिचीच इच्छा न्हाय," तो म्हणाला. "आपण काय करणार?" आणि चपला घालायला गेला. दारातून वळून म्हणाला, "ये लवकर. भूक लागली हाय."

आक्का तीर्थाला पुढे झाली. "मोरू," ती हळूच म्हणाली, "तुला उजवी सांगितली होती ना?"

मोरूने तिच्या तळहातावर पळी रिकामी केली.

"काय करू, आक्का? दादा पहाटंच येऊन गेलेला. डावी पाड म्हणाला. दर खेपेला म्हणतो."