बोटभर पेट्रोल

लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि सोनगीरच्या रुपचंदची मोटार दोन महिन्यांपासून ते नुसतं ढोसत होती. धुळ्याच्या मिस्त्रीने प्लग घासले, कार्बोरेटर दोनदा खोलला आणि शेवटी हात टेकले. रुपचंदला हात टेकून चालणार नव्हतं. मागच्या वर्षी बायकोला, कुंदाबाईला, धुळ्याच्या दवाखान्यात नेताना बाळ वाटेतच गेलं होतं.

आज सकाळी कुंदाबाईला पुन्हा कळा सुरू झाल्या. त्याने टाकीत काठी घालून पाहिली, तर ती जेमतेम बोटभर भिजली. निदान गाडी हलकी तरी करावी म्हणून त्याने स्टेपनी उतरवली, हत्यारांची पेटी फेकली. आणखी काही निघतंय का बघायला मागची सीट उचलली, तर खाली गोधडीत गुंडाळलेले फुटक्या जात्यांचे दगड. चांगले पाच मण!

त्याने पहिला दगड ओढला, तोच आईने, तानुबाईने, धावत येऊन त्याचा हात धरला.

"काढू नको रे, बापू! ह्या दगड मीच ठेवात. रिकामी गाडी उसळस. मागला येळले हादरा बसीसनच मन्हा नातू गया!"