डोळे मिटून सांग

मुलगी पुन्हा डावीकडे बघत होती.

विज्ञानाच्या बाईंनी चष्मा सारखा केला आणि त्या स्क्रीनजवळ सरकल्या. तोंडी परीक्षा चालू होती. शाळा फोनवर आल्यापासून बाई उडत्या पाखराची पिसं मोजायला शिकल्या होत्या. एकाच्या टेबलाखाली त्याची आई निघाली होती, तर एकीने समोरच्या कपाटावर अख्खा धडा चिकटवला होता. आणि आता ही. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, बाईंची लाडकी. म्हणूनच त्यांचा जीव जास्त जळला.

"तिकडे कोण आहे गं?"

"आजोबा बसलेत, बाई."

"उत्तरं सांगतायत वाटतं?"

"नाही बाई."

"मग डोळे मिट आणि पचनाची क्रिया सांग."

मुलगी घुटमळली. "उघडे ठेवूनच सांगते ना बाई."

"का? मिटल्याने काय बिघडतंय?"

"नंतर सांगते," ती अगदी हळू म्हणाली.

कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल आता बाईंना शंका उरली नाही. "नाही मिटलेस तर शून्य देईन," त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांनाच वाईट वाटलं, पण इतरांना एक न्याय आणि लाडकीला दुसरा, हे त्यांना जमणारं नव्हतं.

मुलीने डोळे मिटले, इतके घट्ट की नाकाला सुरकुत्या पडल्या. मग ती सुसाट सुटली. तोंड, लाळ, अन्ननलिका, जठर. मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ दाराची कडी वाजली. निघाले वाटतं उत्तरं सांगणारे गुरुजी, बाई मनात म्हणाल्या. मुलीच्या पापण्या थरथरल्या.

"उघडायचे नाहीत," बाईंनी बजावलं.

लहान आतडं, मोठं आतडं. शेवटी तर तिला दम लागला, पण उत्तरात एकही चूक नव्हती. बाई ओशाळल्या.

"एवढं येत होतं, तर घाबरत कशाला होतीस?"

मुलीने डोळे उघडून डावीकडे पाहिलं आणि ती ताडकन उठली. स्क्रीनवर नुसती भिंत राहिली.

"बाई, आजोबा बाहेर गेले. त्यांना परत घर सापडत नाही."

"अगं, मग मघाशीच सांगायचं ना मला."

"ते इथेच बसले होते, बाई," दाराकडून तिचा आवाज आला. "त्यांच्यासमोर कसं सांगणार?"