साखर संपलीये

दर रविवारचा किराणा सुनेने महिन्यावर आणला आणि पैसाही वाचला, रविवारही मोकळे झाले. पण महिना अर्ध्यावर असतानाच साखरेचा डबा पुन्हा तळाला गेला, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. सगळं घर पालथं घातल्यावर सासूबाईंच्या पलंगाखाली साखरेचे, मिठाचे, चहाचे पुडे सापडले.

"आई, घरातल्या घरात ही चोरी?" तिचा आवाज चढला.

सासूबाई चष्मा पुसत राहिल्या. "चिमूटभरही खाल्लं नाही गं. काही संपलं तरच तुम्ही दुकानात निघणार, मलाही गाडीत बसवणार. या भिंती बघून बघून जीव विटलाय."

सुनेने पुडे होते तिथेच आत सारले आणि नवऱ्याला हाक मारली,

"अहो, गाडी काढा. साखर संपलीये."