लाल पाटी

गाडीच्या धडकेत बायको गेली, त्याला आठ महिने झाले. विमा कंपनीचे साहेब म्हणाले, "काका, बाईंनी न बघताच रस्ता ओलांडला. अर्धी चूक त्यांची, म्हणून भरपाई अर्धी. सही करा." मी पिशवीतून तिची लाल पाटी काढली. शाळेसमोर ही पाटी धरून तिनं एकोणीस वर्षं मुलांना पलीकडे नेलं. एकालाही खरचटलं नाही. मला तर कॉलर धरून मागे ओढायची. म्हणायची, "कसली घाई? यम ताटकळलाय का?" साहेब हसले. "पाटी दाखवून केस जिंकता येत नाही. कोर्टात वर्षं जातील. झेपेल?" "जाऊ देत वर्षं. तिची चूक लिहिलेल्या कागदावर माझी सही मिळणार नाही." तरी त्यांनी पेन पुढे केलं. मी तिच्यासारखाच हात ताठ करून 'थांबा' लिहिलेली पाटी त्यांच्यासमोर धरली. गाडीवाला थांबला नव्हता, साहेब थांबले.