दोन रंग

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या पहिल्या टाकीवर रसिका कठड्याला टेकून उभी होती. खाली अर्ध्या कल्याणचं काळपट पाणी जाळीतून आत घुसत होतं. वास होता, पण तिने नाकाला रुमाल लावला नव्हता. हे केंद्र व्हावं म्हणून ती सह्या गोळा करत दारोदार फिरली होती. इथलं शुद्ध पाणी उल्हास नदीत पडताना बघितलं की तिला स्वतःचं घर बांधून झाल्यासारखं वाटायचं.

तरीही घाटाजवळ फेस यायचाच. कोणाचं तरी सांडपाणी केंद्रात न येता परस्पर नदीत जात होतं.

"गावठाणाचं," रसिका प्रत्येक बैठकीत सांगायची. "जोडणी घेतलीय ती फक्त नावाला."

आज तिच्या शेजारी उभे असलेले गोपीनाथ गावठाणातलेच. केंद्राच्या जागेवर पूर्वी त्यांची भातशेती होती.

"जमीन आमी दिली," ते शांतपणे म्हणाले. "आन आमीच नदीत घान सोरू?"

"म्हणूनच तर आज तपासायचंय, काका."

उपाय केंद्राचे इंजिनीअर सर्वेश यांनी काढला होता. गावठाणातल्या संडासांत लाल रंग ओतायचा. ज्यांची जोडणी नीट, त्यांचा रंग या टाकीत येणार. रसिकाने हट्टाने आपल्या 'सरितादर्शन' सोसायटीचंही नाव घातलं होतं. "आमच्याकडे हिरवा ओता. आम्हाला लपवायचं काहीच नाही."

हे गोपीनाथना आवडलं होतं.

रसिकाने सासूबाईंना, हौसाबाईंना, फोन देऊन घाटावर बसवलं होतं. नदीत लाल दिसलं की लगेच कळवायचं. सुनेचं काम म्हणून त्या नवं लुगडं नेसून गेल्या होत्या.

दोन्हीकडून रंग ओतल्याचे फोन आले. सगळे पाण्याकडे बघत राहिले.

आधी एक बारीक लाल रेघ आली. मग बघता बघता सगळी टाकी लाल झाली. गोपीनाथनी डोक्यावरची टोपी काढली.

"आलं," ते म्हणाले. "आमच्या गावाचं पानी आलं."

रसिकाचा चेहरा उतरला. मग तिने हात जोडले. "चुकले मी, काका. चारचौघांत बोलले होते, माफीही चारचौघांतच मागते."

"जाव दे, बाय. आता तुजा हिरवा येव दे, मंग दोगांचा मिलून फोटो कारू."

टाकी हळूहळू पुन्हा काळपट झाली. सर्वेश कठड्यावरून वाकले. "तुमची लाइन जवळची आहे. खरं तर आधी यायला हवा होता."

"आमचे टॉवर उंच आहेत," रसिका हसून म्हणाली. "येईल."

तेवढ्यात हौसाबाईंचा फोन आला. नदीत लाल नाही, हे गोपीनाथनाही ऐकू जावं म्हणून रसिकाने स्पीकर लावला.

"लाल काय न्हाय बग कुटं," हौसाबाई खुशीत म्हणाल्या. "पर नदी कशी हिरवीगार झालीया, पार पुलापतुर. फोटू काढू का?"