तीस चेहऱ्यांची ग्वाही

कामिनीने 'शंभर टक्के नैसर्गिक' या शब्दांवर लाल पेनाने काट मारली. मग 'डॉक्टरांनी तपासलेले' यावरही मारली. समोर बसलेल्या मधुकररावांचा चेहरा पडला. नव्या फेसवॉशचं खोकं उद्या सकाळी छपाईला जायचं होतं आणि त्यावरचे दावे एकेक करून गळत चालले होते. डॉक्टर तर खरेच आहेत, असं मधुकररावांचं म्हणणं होतं. ते डॉक्टर म्हणजे त्यांचे सख्खे मेहुणे, आणि मेहुणे दातांचे डॉक्टर होते.

बुटीबोरीच्या या लहानशा कारखान्यात कामिनी अकरा वर्षं केमिस्ट होती. तिच्या सहीशिवाय माल दाराबाहेर पडत नसे. मालक म्हणून मधुकरराव तिच्यावर चिडत, पण विश्वास ठेवायची वेळ आली की तिच्यावरच ठेवत. या फेसवॉशमधलं एक द्रव्य तिला पहिल्यापासून खुपत होतं. माल टिकावा म्हणून ते घातलं होतं. प्रमाण नियमात बसत होतं. पण काही जणींच्या कातडीला ते सोसत नाही, आणि सोसत नाही हे कळायलाही दोन-तीन आठवडे जातात. म्हणून तिने हट्टाने चाचणी घेतली होती. कारखान्यातल्या एकोणतीस बायकांना एकेक बाटली दिली. महिनाभर रोज दोनदा चेहरा धुवायचा आणि शेवटी फॉर्म भरून द्यायचा. तिसावी बाटली तिने स्वतःच घेतली. गेल्या आठवड्यात तीस फॉर्म परत आले. तिसांवर एकच उत्तर होतं: माझ्या चेहऱ्याला काही त्रास झाला नाही.

आता खोक्यावर एवढाच दावा उरला होता: 'तीस महिलांनी वापरले, एकीलाही त्रास नाही.'

"हे तरी राहू द्या, मॅडम," मधुकरराव म्हणाले.

हे राहणारच होतं. कामिनीला त्याचा अभिमान होता. बाजारात जो तो तोंडाला येईल ते छापतो. इथे निदान एक ओळ तरी खरी, आणि ती आपल्या मेहनतीची. तिने सहीसाठी पेन उचललं, तेवढ्यात फोन वाजला. अमरावतीच्या होस्टेलवरून वेदिकाचा मेसेज होता. आजही व्हिडिओ नको, नेट नाही, रात्री नुसतंच बोलू. आठ दिवस लेकीचं हेच चाललं होतं. परीक्षा जवळ आली की ही अशीच करते, असं म्हणत कामिनीने फोन उपडा ठेवला.

दारात तुळसाबाई उभी होती. पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई. पहिला फॉर्म तिचाच होता. कारखान्यात औषधपाणी विचारायचं तर बायका कामिनीकडेच येत.

"मॅडम, तोंडाची आग होऊन राहिली, तर कोणता मलम लावाव?"

कामिनीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा स्वच्छ होता. मग आग कोणाच्या तोंडाची, असं तिने विचारलं. तुळसाबाईने आपल्या लेकीचं, दिपालीचं नाव घेतलं. पोरीचं तोंड लालबुंद झालं होतं, पापण्या सुजल्या होत्या. ओढणीने तोंड बांधूनच कॉलेजात जायची. उन्हाने झालं असेल, असं आधी वाटलं.

कामिनीने पेन खाली ठेवलं. बाटली दिपालीला दिली होती का, असं तिने अगदी हळू विचारलं. तुळसाबाईची नजर खाली गेली.

"इतकी चांगली वस्तू मी काहून लावू, मॅडम? घरात लेक हाये ना."

"अहो, पण फॉर्मवर तुम्ही लिहून दिलंत!"

"तुमी माह्या तोंडाचं इचारलं होतं. माह्या तोंडाले खरंच काही नाही झालं."

कामिनीने तिला बाटली आजच फेकायला सांगितली, उद्या पोरीला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं, आणि उरलेल्या बायकांना बोलावून घेतलं. त्या एकेक करून येत गेल्या. कोणी बाटली सुनेला दिली होती, कोणी धाकट्या बहिणीला. एकीने तर ती भाचीच्या रुखवतात मांडली होती, बुचही न उघडता. स्वतःच्या चेहऱ्याला लावणाऱ्या निघाल्या चौघी. आणखी दोघींच्या लेकींचे चेहरे भाजल्यासारखे झाले होते. मधुकररावांनी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. छपाईवाल्याला फोन करून काम थांबवलं.

कामिनीला राग आला, आणि भरूनही आलं. या बायकांना काय म्हणावं? एवढं समजावून सांगितलं होतं, एका शब्दाने तरी बोलायचं होतं. ती फॉर्म गोळा करू लागली. सगळ्यात खाली तिसावा फॉर्म होता. अक्षर तिचंच होतं.

तिने चार दिवस चेहरा धुतला होता. पाचव्या दिवशी वेदिका सुटीला आली. ती परत निघाली तेव्हा बॅग भरून देताना कामिनीनेच ती बाटली तिच्या कपड्यांत खोचली होती. पुढे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तिने आरशात स्वतःचा चेहरा पाहिला आणि खरं तेच लिहिलं.

तिने व्हिडिओ कॉल लावला. फोन उचलला गेला, पण पडदा काळाच राहिला.

"वेदू, कॅमेरा सुरू कर."

पलीकडून वेदिका रडवेल्या आवाजात म्हणाली, "तू दिलं होतंस ना आई, म्हणून मी लावतच राहिले."